कुशाबाचा सुतळीचा सांधा

उमरठच्या कुशाबाने जोडलेला पाइप गळत नाही, हे पोलादपूरच्या खोऱ्यात कुणालाही विचारा. आमच्याकडे झऱ्याचं पाणी वाडीवर आणायचं तर उतारावर त्याचा जोर मोठा. भल्याभल्यांचे सांधे तिथे सुटतात. कुशाबाचे टिकले. पाइपच्या आट्यांवर तो सुतळी गुंडाळायचा, वरून सफेद्याचा पांढरा लेप चोपडायचा आणि पान्याने शेवटचा पीळ देताना डोळे मिटायचा. पाणी लागलं की सुतळी फुगते, सांधा आपोआप आवळत जातो. मामाने दिलेल्या या विद्येचा त्याला अभिमान होता. का नसावा?

गेल्या वर्षी कशेडी घाटाच्या पायथ्याला तुळजाबाईंनी आपल्या खानावळीतले सिलिंडर मागच्या अंगणात हलवले. तिथून भिंतीतून स्वयंपाकघरात पाइप न्यायचा होता. पाण्याचा काय नि गॅसचा काय, आटे तेच, असं म्हणून कुशाबाने तोही सुतळीनेच जोडला. मग पेटती काडी प्रत्येक सांध्याभोवती फिरवली.

"बघा काकी, कुठं पेट घेतो का!"

"तुझा सांधा रे तो, कशाला घेईल?" तुळजाबाई म्हणाल्या.

यंदा महाडला गॅसच्या जोडकामाचा वर्ग भरला, तिथे कुशाबाही गेला. शिकवायला अनुपमा मॅडम होत्या. त्यांनी कुठला तरी जुना सांधा उघडून टेबलावर ठेवला. आतली सुतळी वाळल्या गवतासारखी झाली होती.

"पाण्यात ही फुगते," मॅडम म्हणाल्या. "गॅसमध्ये तिला ओलावा कुठला? ती सुकते, आक्रसते, आणि गॅसला वाट मिळते. हा गॅस हवेपेक्षा जड. वर जात नाही, जमिनीलगत साचतो."

कुणीतरी काडी लावून गळती शोधण्याचं विचारलं. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत.

कुशाबाच्या डोळ्यांपुढे खानावळीचा ओटा आला. तुळजाबाईंची सून रेश्मा तिथे भाकऱ्या थापते, आणि तिचं तान्हं ओट्याखाली गोधडीवर निजलेलं असतं.

तो वर्गातून उठला. गाडीवर बसल्यापासून त्याच्या मनात एकच चाललं होतं : बोलायचं नाही. तपासणी म्हणायचं, सांधा गुपचूप बदलायचा. आपलं नाव राहील.

पोचल्याबरोबर त्याने मागच्या अंगणात सिलिंडर बंद केले. "रेश्मा, पोराला घेऊन भायेर जा. दारं-खिडक्या उघड्या टाका. दिव्याच्या बटणाला कुणी हात लावायचा नाय!"

"अरे, माणसं जेवायला बसल्यात," तुळजाबाई ओरडल्या. "त्यांना उपाशी धाडू काय?"

"तपासणी हाय, काकी."

बराच वेळ वारा खेळू दिल्यावर, शेगड्या बंदच ठेवून त्याने सिलिंडर जरासा उघडला आणि सांध्यांना साबणाचा फेस लावला. भिंतीतून पाइप ओट्याखाली निघतो, त्या सांध्यावर फेसाचे बुडबुडे येऊ लागले. त्याने धावत जाऊन सिलिंडर बंद केला.

अंगणात तुळजाबाई ट्रकवाल्यांना सांगत होत्या, "बघा, न बोलावता आला! असा कारागीर दाखवा मला."

पोर कडेवर घेऊन उभी असलेली रेश्मा हळूच म्हणाली, "मी कधीची सांगतेय, वास येतो, डोकं धरतं."

"उंदीर मेला आसंल गो," तुळजाबाई हसल्या. "कुशाबाचा सांधा हाय तो. गळायचा नाय."

कुशाबाने तोंडाशी आणलेलं खोटं तिथेच थांबलं. सांधा गळत होता, हे तर होतंच. पण त्याच्या नावाने या पोरीचं तोंड बंद केलं होतं.

"काकी, गळतोय तो," तो म्हणाला. "मीच चुकीचा केला. गॅसला सुतळी लावायची नसते. रेश्माला येत होता तो वास खरा हाय."

"म्हणजे रश्शाआधी आमचीच फोडणी झाली असती!" एक ड्रायव्हर म्हणाला. कुणी हसलं नाही.

तुळजाबाई ओसरीच्या कडेला टेकल्या. "पोर निजायचं रे तिथं," त्या म्हणाल्या. मग रेश्माकडे बघून, "हिला मी खोटी पाडली. तुझ्यापायी."

त्याने मॅडमना फोन केला, पाइप सिलिंडरपासून सोडवला. त्या दिवशीची भाकरी अंगणात तीन दगडांवर भाजली गेली.

दुसऱ्या दिवशी महाडहून जाणता माणूस आला. मामाखेरीज आजवर कुणाच्या हाताखाली काम न केलेला कुशाबा त्याला पाने-पकडी उचलून देत होता. नवे सांधे दाब देऊन तपासून झाले, तसा रेश्माने हात पुढे केला.

"फेस इकडं द्या. मी बघते."

तिने एकेक सांधा पाहिला, ओट्याखाली वाकून वास घेतला. तोवर कुशाबा दारात उभा राहिला. ती "पेटवा" म्हणाली, तेव्हाच तो निघाला. चहाला कुणी थांबवलं नाही, आणि तो थांबलाही नसता.

त्याने गॅसचा पाइप सुतळीने जोडलेली आणखी घरं होती. कापडे गावातल्या पहिल्याच घरी मालक कौतुकाने पुढे आला. कुशाबाने पायातल्या वहाणा काढल्या नाहीत.

"चूल कोण बघतं तुमच्यात?" त्याने विचारलं. "आधी त्यांना बोलवा. वास येतो का, ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."