कडेची कोथिंबीर

येरवड्याला राहते म्हटलं की माहेरचे लोक हमखास विचारायचे, भिंतीच्या आत की बाहेर? मी शनिवार पेठेतली, त्यामुळे उत्तर तयारच असायचं. सध्या बाहेर आहे, पण आपण येणार असाल तर आतली सोय बघून ठेवते. खरं तर तुरुंगाची भिंत आमच्यापासून चांगली लांब होती. आमचं आपलं साधं बैठं घर आणि परसात भाजीपुरती जमीन. माहेरी माती म्हणजे तुळशीच्या कुंडीत असेल तेवढीच. इथे आल्यावर सकाळी मागचं दार उघडलं की समोर ओली, काळी माती दिसायची, आणि लग्नाला कितीतरी वर्षं झाली तरी मला ते कुणा दुसऱ्याचं घर पाहिल्यासारखं वाटायचं.

ती जमीन आमच्या ह्यांची. म्हणजे कागदोपत्री दोघांची, पण जीव ह्यांचा. हे शहराने पोटात घेतलेल्या एका गावातले, शेतकऱ्याघरचे. नोकरी कचेरीत केली, बोलणंही कचेरीतलं झालं. फक्त फार खूष असले की ‘आहे’चं ‘हाय’ व्हायचं. मी त्यावरून चिडवायची. थंडीत धुकं जमिनीलगत साचलेलं असताना हे त्यात गुडघ्यापर्यंत बुडालेले दिसायचे. मेथीचा वाफा, मग वांग्याचा, आणि पार शेवटी कुंपणाच्या भिंतीशी घेवड्याचा मांडव. मांडवाखाली जांभळ्या फुलांमध्ये उभे राहून हे शेंगा तोडायचे आणि मी चहा गाळता गाळता दारातून बघायची. आम्ही त्या वेळी एकमेकांशी काही बोलायचो नाही, पण दिवसभरात तितकी जवळीक परत वाटायची नाही.

मग ह्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर भले होते, गोलगोल बोलले नाहीत. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले, उरलेली किती टिकते ते बघू म्हणाले. घरी आल्यावर सदरा खुंटीला लावून मागच्या पायरीवर जाऊन बसले. मी शेजारी बसले तेव्हा म्हणाले, “मांडवापर्यंत मला एकट्याला जाता आलं पाहिजे. बाकी कुठं नाही गेलो तरी चालेल.”

मी लगेच उपाय काढला, दारापासून मांडवापर्यंत दोरी बांधू. ह्यांनी विचारलं, गळ्यात घंटाही बांधणार का? दोरीचा विषय तिथेच संपला.

अडचण वाटेची होती. वाट म्हणून जी काही होती ती हरळीने आणि लव्हाळ्याने भरलेली. वाफा हिरवा, वाट हिरवी, पायाला दोन्ही सारखंच. एका सकाळी हे सरळ मेथीत चालत गेले. परत आले तेव्हा तळव्यांना चुरडलेली मेथी चिकटली होती. पायरीवर बसून ती एकेक काडी काढत राहिले, चेहरा असा की पोटच्या पोरावर पाय पडला असावा. मला रडू आलं, आणि मला रडू आलं की राग येतो. राग कुणावर तरी काढावाच लागतो. तो मी लव्हाळ्यावर काढला.

लव्हाळा वरून उपटला म्हणजे त्याची नुसती हजामत केली, खाली गाठी शिल्लकच. म्हणून आम्ही दोघांनी वाट खणून काढली, गाठी वेचल्या, आणि त्यावर गोणपाट अंथरायचं ठरवलं, म्हणजे खालून काही डोकं वर काढणार नाही. वरून वखारीतला लाकडाचा भुसा, पायाला मऊ. गोणपाटं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या चाचांनी दिली. चाचांच्या कित्येक पिढ्या पुण्यात गेलेल्या, मराठी माझ्याइतकंच तिरकस. मार्केट यार्डातून मसाल्याचा माल आलेली पोती होती ती. देताना म्हणाले, वहिनी, झटकून घ्या बरं का, नाहीतर मसाला फुकट दिल्याचं नाव माझ्यावर येईल. आम्ही कसली झटकतोय. संध्याकाळ होत आली होती, थंडीची उन्हं भराभर उतरत होती. पोती उसवली, लांबट अंथरली, जाड शिवणी वाटेच्या दोन्ही कडांना आल्या. मग चपला घालून दोघं त्यावर मागेपुढे चाललो, सगळं नीट बसावं म्हणून. हे म्हणाले, सप्तपदी पुन्हा चाललीय की काय. मी म्हटलं, आता तरी मधून पळू नका. वर पातळसा भुसा पसरला, पाणी शिंपडलं, आणि अंधार पडायच्या आधी घरात आलो. त्या भुशाचा गोडसर वास मला झोपेतही येत होता.

वाट छान झाली. एक पातं दिसेना. मी मनात फुशारले. आणि पंधरवड्याने पाहते तर दोन्ही कडांना हिरवी रेघ! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुरपं घेऊन बसले, पहिली मूठ उपटली, आणि नाकाशी काय येतं, तर कोथिंबीर. पोती धन्याची होती. शिवणींमध्ये धने अडकलेले. आणि धने पेरायच्या आधी चपलेखाली रगडून दुभंगावे लागतात हे तर आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आम्ही दोघांनी घाम गाळून नेमकं तेच केलं होतं. आपल्या हाताने पेरलं, आणि तेही गवत उगवू नये म्हणून!

तरी मी उपटणारच होते. वाट म्हणजे वाट, तिच्यावर काही उगवता कामा नये, मग ते सोनं का असेना. तेवढ्यात हे घरातून आले. तोवर ह्यांना माणूस समोर असला तर नुसती सावली दिसायची. अनवाणीच होते. चार पावलं बरोबर टाकली आणि पाचवं डावीकडे मेथीच्या बाजूला भरकटलं. कोथिंबिरीवर पाय पडला, वास उठला, आणि हे जागीच थांबले. पाय उचलून परत भुशात ठेवला. मग मुद्दाम उजवीकडे टाकला, पुन्हा वास, पुन्हा मागे.

“थांब, उपटू नको,” हे म्हणाले. “इथं कड हाय.”

मी खुरपं खाली ठेवलं. ‘हाय’वरून त्या दिवशी चिडवलं नाही.

त्यानंतर कोथिंबीर फुलावर आली, जून झाली की मी कडेला नवे धने पेरायची. उन्हाळ्यात ती तग धरेना तेव्हा ओली गोणपाटं उभी करून सावली केली. चाचा विचारायचे, एवढी कोथिंबीर खाता तरी कशात? मी म्हणायची, खात नाही, तुडवतो. ह्यांचा हात धरून मी रोज मांडवापर्यंत जायची. हळूहळू हात नुसता शर्टाच्या बाहीला लागलेला असायचा.

पुढच्या थंडीपर्यंत ती सावलीही गेली. उजेड आणि अंधार, एवढंच उरलं. एका सकाळी धुकं अजून विरलेलं नसताना हे उठले आणि मागच्या दारापाशी जाऊन म्हणाले की आज बाहीसुद्धा नको. मी बरं म्हटलं. तव्यावर पोळी टाकली आणि ती तशीच सोडून दारात येऊन चौकट धरून उभी राहिले. हे धुक्यात शिरले. मेथी ओलांडली. वांग्यांपाशी पाऊल डावीकडे सरकलं, थबकलं, सावकाश परत आलं. हाक मारू नये म्हणून मी पदर तोंडात धरला होता. हे मांडवापाशी पोचले, हात वर करून वेल चाचपला, आणि मागे न वळता म्हणाले,

“पहारा पुरे झाला. पोळी करपतेय.”

पोळी खरंच करपली होती. मी आत गेले, दाराकडे पाठ करून दुसरी लाटायला घेतली. डोळ्यांतलं पाणी पिठात पडत होतं. बाहेर बघायचं नाही असं स्वतःला बजावत दोन पोळ्या लाटल्या, तिसरी घेतली. मग उंबऱ्यापाशी कोथिंबिरीचा वास आला, आणि ओट्यावर माझ्या हाताशी मूठभर शेंगा येऊन पडल्या.

“एवढ्याच?” मी पाठमोरीच विचारलं.

“बाकीच्या उद्याला ठेवल्या हायेत,” हे म्हणाले.