जानकीच्या वाट्याचं कार्ड

बोरकुटे गुरुजी मोबाईलने आरती करत. निदान पहिल्या दिवशी मला तरी तसंच वाटलं. नेमणुकीचा कागद घेऊन मी शाळेच्या दारात उभी, आणि आत एक उंच, किडकिडीत, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ दोन्ही हातांत मोबाईल धरून वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत होते. समोर अकरा मुलं छातीशी पुठ्ठ्याची कार्डं धरून गपगार बसलेली. मी मनात म्हटलं, झालं! मुलचेऱ्याच्या पुढे जंगलात नोकरी लागली ती लागली, वर हेडमास्तरही असे मिळाले. तेवढ्यात त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "या बाई. जरासक थांबा. मोबाईल पोट्ट्यायले पाहून राह्यला, मंग तुमाले पाह्यते."

गुरुजी मागच्या पावसाळ्यात गेले. त्यांना न भेटलेल्या माणसाला ते कसे होते हे सांगायचं तर मला या आरतीपासूनच सुरुवात करावी लागते.

प्रकार असा होता. प्रत्येक मुलाकडे एक कार्ड. त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची नक्षी, दर कार्डाची वेगळी, आणि चार बाजूंना बारीक अक्षरात अ, ब, क, ड. गुरुजी फळ्यावर प्रश्न लिहायचे, खाली चार उत्तरं. ज्याला जे उत्तर बरोबर वाटेल त्याने ती बाजू वर करून कार्ड धरायचं. मग गुरुजींचा मोबाईल वर्गावरून फिरायचा आणि कोणाचं बरोबर, कोणाचं चूक हे नावानिशी मोबाईलच्या पडद्यावर उमटायचं. बरोबर असेल तर हिरवं, चूक असेल तर लाल. अख्ख्या वर्गाला मोबाईल एकच, तोही गुरुजींचा स्वतःचा, काचेवर तिरपी चीर गेलेला. शाळेत येताना ते तो जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून आणत, कारण वाटेतला नाला कधी भिजवेल याचा भरवसा नव्हता.

हे शिकले कुठे, तर तालुक्याच्या प्रशिक्षणात. तिथे सगळ्यांत म्हातारे तेच होते. बाकीचे मास्तर मागच्या बाकावर बसून चहाची वाट बघत होते, आणि हे पुढे बसून त्या पोरसवदा साहेबाला एकच गोष्ट पाचव्यांदा विचारत होते. मी विचारलं, "गुरुजी, निवृत्तीला वर्ष राहिलं. आता कशाला हा उपद्व्याप?" तर म्हणाले, "बाई, आपली लेकरं घरी गोंडी बोलतात. वर्गात तोंड उघडाले भेतात. चुकलं तर सारे हासतीन म्हनून. आता कार्डावर कोन चुकला हे मोबाईलले माईत अन् मले माईत. तिसऱ्याले काऊन पायजे?"

आणि खरंच, चुकलेल्याचं नाव त्यांनी कधी वर्गात घेतलं नाही. मधल्या सुट्टीत मात्र ते बरोबर त्या मुलाशेजारी जाऊन बसायचे, खिशातून चिंचोके काढायचे आणि खेळ मांडावा तसा तोच प्रश्न पुन्हा मांडायचे. मी तिकडे पहिली-दुसरीला घसा कोरडा होईपर्यंत ओरडत असे. आमच्या दोन खोल्यांच्या मध्ये भिंत एकच, तिला वर झरोका. माझा आवाज चढला की पलीकडून ऐकू यायचं, "बाई, हळू! माह्या वर्गातली पोट्टी बी पाढे म्हणाले लागली."

चौथीतली जानकी ही गुरुजींची खास. सहा महिने ती वर्गात एक शब्द बोलली नव्हती. कार्डं आली आणि ही पोरगी दिसायला लागली. हजेरीपटात होतीच, पण आता उत्तरात दिसायला लागली. भाषेत पक्की, परिसर अभ्यासात तर गुरुजींनाही झाडांची नावं सांगेल अशी. भागाकार मात्र तिला काही केल्या येत नसे. गुरुजी म्हणायचे, "जानकीचा मेंदू मोठ्या मनाचा हाय. वाटून द्याले तयार हाय, पर मोजून द्याले नाई."

जानेवारी सरत आला की आमच्या भागातली घरंच्या घरं मिरची तोडायला तेलंगणात जातात. बरीच जण मुलांना आजीकडे ठेवतात. जानकीच्या आईला तान्हं होतं, ते सांभाळायला कोणी हवं, म्हणून जानकीला नेलं. गुरुजी तिच्या घरी दोनदा जाऊन आले, उपयोग झाला नाही. ज्या दिवशी मिरचीवाल्यांची गाडी निघाली त्या दिवशी त्यांनी हजेरी घेतली आणि जानकीच्या नावापुढे लाल शाईने गैरहजेरी मांडली.

आता माझा पराक्रम सांगते.

फेब्रुवारीच्या शेवटी मासिक अहवाल भरायचा होता. गुरुजींनी मोबाईल माझ्या हातात दिला. "बाई, याच्यातले आकडे तुमीच उतरवा. मले बारीक दिसत नाई," असं म्हणून ते आपल्या वर्गात गेले. मी उतरवत गेले आणि नऊ नंबरवर थबकले. नऊ नंबर म्हणजे जानकी. महिनाभर रोज तिचं उत्तर नोंदलेलं! हिरवं, हिरवं, मध्येच लाल, पुन्हा हिरवं. पोरगी तेलंगणात मिरच्या तोडते आहे आणि इथे तिची उत्तरं येतायत. माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला, म्हणजे मला तसं वाटलं. पट कमी झाला तर शाळेवर गंडांतर, म्हणून गुरुजी गेलेली पोरं हजर दाखवतायत. आणि मी या माणसाला देवमाणूस समजत होते!

राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या राजुऱ्यात सगळ्यांना माहीत आहे. हजेरीपट माझ्यापासून हातभर अंतरावर होता, तो उघडून बघायचं सुचलं नाही. मी तशीच उठले, शाळेमागे पाण्याच्या टाकीजवळ गेले आणि केंद्रप्रमुखांना, म्हणजे आमच्या वरच्या साहेबांना, फोन केला. "साहेब, माझं नाव सांगू नका, पण इथे खोटी हजेरी चालली आहे. परगावी गेलेल्या मुलीची उत्तरं मोबाईलवर रोज दिसतायत." सांगून झाल्यावर काय ऐट वाटली मला! मोठी सत्यवादी मी.

चौथ्या दिवशी साहेब आले. बरोबर दुसऱ्या शाळेचे एक मास्तर, साक्षीला. त्यांनी आधी हजेरीपट मागवला. जानकीपुढे महिनाभर लाल शाई, एक दिवस सुटलेला नाही. साहेब गोंधळले. मग साहेब म्हणाले, "गुरुजी, मोबाईलवर मात्र ती रोज दिसते. हे कसं?" गुरुजी शांतपणे म्हणाले, "तुमीच पाहा ना साहेब." त्यांनी फळ्यावर प्रश्न लिहिला, मोबाईल साहेबांच्या हातात दिला आणि बाजूला झाले. साहेबांनी आरती केली. नऊ नंबर आलाच.

वर्गात पाहिलं तर जानकीची शेजारीण कमला दोन्ही हातांत दोन कार्डं धरून बसलेली.

"हे दुसरं कोणाचं गं?" साहेबांनी विचारलं.

कमला घाबरली. गुरुजींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली तशी म्हणाली, "जानकीचा हिस्सा हाय."

साहेब शहरातले, त्यांना काही कळेना. गुरुजींनी सांगितलं. उन्हाळ्यात गावची बोडी, म्हणजे लहान तळं, आटली की सगळं गाव मिळून तिच्यातले मासे धरतं. मग घराघरांच्या ढिगाऱ्या लावतात. जे घर कामाला परगावी गेलं असेल त्याचीही ढिगारी लागते. शेजारी ती वाळवून ठेवतात, माणसं आली की देतात. नसलेल्याचा वाटा बुडवायचा नाही, ही गावाची रीत. पोरांनी तीच कार्डाला लावली होती.

"पण उत्तर कोण ठरवतं?" साहेबांनी विचारलं.

"आमी सारे. प्रश्न पाहून, हळूच कानात," कमला आता जरा धीटपणे बोलली. "जानकीनं काय धरलं असतं ते धरतो."

"मग मध्ये मध्ये चुकतं कसं?"

"तिले भागाकार येत नाई ना जी. म्हनून भागाकार आला का चुकीचंच धरतो. नाई तं लबाडी होईन."

साहेब खो खो हसले. साक्षीचे मास्तरही हसले. मी भिंतीला टेकून उभी होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. सगळी लाल उत्तरं भागाकाराची होती आणि ती मीच माझ्या हाताने उतरवली होती. खोटं करणारा माणूस कशाला कोणाच्या नावावर लाल मांडेल? नऊ वर्षांच्या पोरींना जेवढी अक्कल होती तेवढी मला नव्हती.

साहेबांनी शेऱ्यात "तक्रारीत तथ्य नाही" असं लिहिलं. पण कागदावरचं कागदावर राहतं. तोंडोतोंडी गेलं ते वेगळंच. महिन्याच्या शिक्षक परिषदेत कोणीतरी चहा पिता पिता ओरडलं, "काय गुरुजी, तुमच्या शाळेत तेलंगणातले पोट्टे बी हात वर करतात म्हणे!" सगळे हसले. गुरुजीही हसले, पण कप अर्धा ठेवून उठले. चौतीस वर्षांची नोकरी, एकदाही बोट दाखवायला कोणाला जागा दिली नाही, आणि जाता जाता हे.

त्यानंतर रोज सकाळी हजेरी झाली की ते माझ्या दारात येऊन उभे राहायचे. "बाई, जरा तुमी बी एकदा मोजून घ्या." मी जायची, अकरापैकी दहा डोकी मोजायची, सही करायची. मला ते बोचायचं, सांगते, फार बोचायचं. रोज ठरवायची, आज सांगून टाकू. रोज परत यायची. ते मात्र माझ्याशी पूर्वीसारखेच. घरच्या झाडाची चिंच-कैरी काय असेल ते आणायचे, माझा आवाज चढला की भिंतीपलीकडून टोकायचे.

जानकी होळीनंतर आली. हात मिरचीने लाल झालेले, सोललेले. कमलाने तिचं कार्ड तिच्या हातात दिलं आणि महिनाभराच्या उत्तरांवरून दोघींचं भांडण जुंपलं. "मी इतकी बावळट हाय का?" जानकी ओरडत होती. गुरुजी दारात उभे राहून पोट धरून हसत होते. त्या वर्षात मी त्यांना इतकं हसताना पाहिलं ते तेव्हाच.

मे महिन्याच्या अखेरीस ते निवृत्त झाले. केंद्रशाळेत निरोप समारंभ होता, सगळे मास्तर जमलेले. भाषणं झाली. एकाने पुन्हा तोच विनोद केला, शेवटी डोळा मारून म्हणाला, "आग असल्याशिवाय साहेबाची गाडी इतक्या लांब जात नाही!" गुरुजी हारात मान घालून बसले होते. मी उठले. शुद्ध बोलायची माझी केवढी हौस, पण त्या दिवशी घरची भाषाच तोंडातून आली.

"तक्रार मी केली होती. गुरुजीनं काईच केलं नोतं. मी हजेरी पाह्यली नाई, त्यायले इचारलं नाई, अन् नाव बी लपवलं. आग नोती. मीच होती."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. विनोद करणारे मास्तर बूट बघायला लागले. मी खाली बसले आणि रडले, लाज वाटली नाही.

संध्याकाळी बसथांब्यावर मी गुरुजींची पिशवी घेऊन उभी होते. ते सिंदेवाहीला मुलाकडे जाणार होते. शेवटी मी म्हटलं, "गुरुजी, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं ना."

"कधीपासून?"

"तुमी फोन केला तवापासून. टाकी माह्या खिडकीमागंच हाय, बाई. सारं ऐकू आलं."

"मग मला एक शब्द बोलला का नाहीत? तीन महिने?"

त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली. रागावलेले नव्हते, थकलेले दिसत होते. म्हणाले, "काय बोलू? तुमाले इचारायचं होतं तं इचारा म्हनून मी वाट पाहून राह्यलो होतो. बाजूच्याच खोलीत तं होतो मी."

बस आली. ते चढले, खिडकीशी बसले आणि सवयीने हात जोडले. मी हात जोडायचे विसरले. नंतर दोनदा फोनवर बोलणं झालं, सिंदेवाहीला जाऊन यायचं मी ठरवत होते, आणि ते राहूनच गेलं.