चुलीपुरता वारा

आमच्या माळावर आता पवनचक्क्या उभ्या आहेत. एकेक पातं आणायचं म्हणजे सडकेवरची वाहनं थांबवावी लागतात. कंपनीची पोरं जीपमधून येतात, माझ्या बांधावर उभारून वारं मोजतात आणि मला समजावून सांगतात, "आजोबा, वाऱ्यापासून वीज तयार होते." मी म्हणतो, बरं. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही निजामाच्या काळातली. पण वाऱ्याची वीज मी घरात आणली तेव्हा ह्या पोरांचे बाप जन्मले नव्हते. आणली म्हणजे काय, आणावी लागली. बायको नांदायला येईना.

बायको आता नाही. असती तर म्हणाली असती, जगाला सांगायची काय गरज होती? नाही, म्हणून सांगतोय.

निजाम जाऊन काही वर्षं झाली होती. आम्हा भावांच्या वाटण्या झाल्या. गावातलं घर थोरल्याकडं गेलं, काळी जमीन धाकट्याकडं आणि मला आला अणदूरच्या वरच्या अंगाचा माळ. माळावर एक विहीर. विहिरीजवळ खोलगट जागा बघून, वारं लागू नये म्हणून, मी दोन खणांचं माळवद बांधलं. तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर हातभर पांढरी माती. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. मला वाटलं, राणी राहील अशी जागा आहे.

राणी चार दिवस राहिली. पाचव्या दिवशी चुलीपाशी विंचू चावला. विष उतरल्यावर गाठोडं बांधून ती गावात थोरल्याच्या घरी गेली. मी आणायला गेलो तर म्हणाली, "एका हातानं पीठ मळायचं, एका हातानं जाळ सारायचा. कंदील धराया तिसरा हात आणू कुठनं?"

"तुळईला टांगलाय की कंदील."

"टांगलाव, पर माझ्या पाठीवर. पुढ्यात माझीच सावली पडती. इचू त्या सावलीतच बसला हुता. मला चुलीच्या वर उजेड पायजे. सोलापूरला हाटेलात असतोय तसला. मग येते."

"तिथं वीज हाय. हितं कोण देतंय?"

"ते तुमचं तुम्ही बघा. माळ तुम्ही पत्करलाव, म्या न्हाय."

मग मी लग्न झालेला माणूस, माळावर एकटा भाकरी थापत बसलो. एकदा गावात गेलो तेव्हा माझ्या फडक्यातली भाकरी थोरल्या वहिनीनं उलटीपालटी करून बघितली. "भावजी, ही भाकरी हाय का ढोलाचं कातडं?" बायको आतून हसली. मला राग आला, पण ती हसली हेही कानाला बरं वाटलं.

नळदुर्गचा एक मिस्त्री आमच्या भागात तेलाची इंजनं दुरुस्त करायचा. त्याला अडचण सांगितली. तो म्हणाला, "पाटील, सोलापुरात रेडिओच्या दुकानात पंखे आलेत. हवा में फिरते, मोटारीची बॅटरी भरते, बॅटरीवर बत्ती." मी निघालो तर बायको म्हणाली, मी पण येणार. म्हटलं, तुझं काय काम? म्हणाली, "माझ्या पायातली वहाण तुम्ही एकटं जाऊन आणता का? पाय माझा, माप माझं."

दुकानात दोन पंखे होते. एक मोठा, तीन पात्यांचा, कुण्या साहेबाच्या बंगल्यावरून उतरवलेला. दुसरा लहान, दोन लाकडी पात्यांचा, नवा. मला मशीन घ्यायची काय माहिती? बैल घ्यायची माहिती होती. मी मोठ्याभोवती एक फेरी मारली, पाठीवर थाप दिली, पातं फिरवून चाल बघितली आणि विचारलं, "पहिल्या मालकानं का इकला?" दुकानदार म्हणाला, "पाटील, दात बघायचे राहिले." सगळं दुकान हसलं.

बायको हसली नाही. ती पदर सावरून पुढं झाली. "ह्येला खायाला किती लागतंय?"

"बाई, हा काही खात नाही. वाऱ्यावर चालतो."

"त्येच इचारायले. वारं किती लागतंय?"

दुकानदारानं मस्करी सोडली. माणूस सरळ होता. म्हणाला, मोठ्याला जोराचं वारं लागतं, पण लागलं की चार बल्ब आणि रेडिओ चालवतो. लहान झुळकेवरही हलतो, पण त्याच्यावर एकच बल्ब. वारं अगदी पडलं तर बॅटरी दोन-तीन दिवस रेटते, पुढं कंदील आहेच.

मला मोठा आवडला होता. आवडला म्हणजे, दारात शोभला असता. मी म्हटलं, "आपल्या माळावर वाऱ्याला काय तोटा? आषाढात माणूस उडतंय."

"आषाढात उडतंय. आन् दिवाळी सरल्यावर? रात्र मोठी असती तवा वारं किती असतंय?"

"असतंय थोडं."

"मग थोडं खाणारा घ्या."

"रेडिओ पण लागंल त्या मोठ्यावर."

"जत्रा भरवायची हाय का? मला एका चुलीपुरतं पायजे."

लहान घेतला. येताना एसटीच्या टपावर चढवला तर कंडक्टर म्हणाला, "पाटील, इमान घेतलाव का?" बायकोनंच सांगितलं, "व्हय. ह्यांना माळावरनं उडायचंय."

मिस्त्री आला, बायकोही गाठोडं घेऊन माळावर आली. खोलगटात वारं नाही, म्हणून पंखा माळवदावर बसवायचा असं ठरलं. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. गच्चीवर तिची मिरच्या वाळवायची जागा तेवढी सोडली आणि मधोमध खांब रोवला. दिवस मावळायला वारं सुटलं. मिस्त्रीनं खटका दाबला आणि चुलीच्या वर बल्ब लागला. सावली गेली. बायको चुलीच्या कोपऱ्यांकडं बघत बसली, इतकं स्वच्छ दिसत होतं. मग तिनं परात ओढली, पीठ मळायला घेतलं. मला वाटलं, जिंकलो.

वारं वाढलं. पंखा जोरात फिरायला लागला आणि सगळं घर आग्या मोहोळासारखं घुमायला लागलं. खांब हलला की तुळया हलायच्या, तुळया हलल्या की फळ्या, आणि फळ्यांच्या फटींतून पांढरी माती भुरूभुरू खाली. परातीत, तव्यावर, मिस्त्रीच्या टोपीवर. अंधार असता तर कळलंही नसतं. बल्बाच्या उजेडात एकेक कण दिसत होता.

तिनं भाकरी भाजली, आम्हाला वाढली. दाताखाली कचकच. मिस्त्री तोंड न हलवता बसला. ती म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, खावा की. तुम्हीच चाळून दिलाव." सकाळी गाठोडं परत गावात.

मिस्त्री म्हणाला, खांब खळ्यावर गाडू. खळं वर उंचावर होतं. आम्ही तिथंच रास उपणायचो, त्यामुळं वाऱ्याची खात्री होती. पण तिथून घरापर्यंत तार न्यायची तर लांब पडते, आणि तार लांब झाली की ह्या बॅटरीचा उजेड वाटेतच मरतो. बल्ब नुसता लाल दिसला असता. घरापाशी खांब गाडावा तर वारं नाही. माळवदावर ठेवावा तर माती. मी तीन दिवस घर ते खळं, खळं ते घर फिरलो. मग गावात गेलो आणि तिला सरळ सांगितलं, "हे असं हाय. उजेड पायजे तर घर ऱ्हात न्हाय, घर पायजे तर उजेड ऱ्हात न्हाय. आता तूच सांग, येनार का न्हाय?"

ती ज्वारी निवडत होती. सूप खाली ठेवलं. "घर कशाला हलवताव? चूल हलवा."

"खळ्यावर? तिथल्या वाऱ्यात चूल पेटंल का?"

"मावळतीकडनं दगडाची भिंत घाला, माझ्या डोक्याच्या वर. तोंड उगवतीला. वर पत्रा. माती नगं, काय बी झालं तरी."

"आन् निजायचं?"

"निजायला उजेड लागतोय का?"

आतून वहिनी खोकली. मी उठलो.

भिंत मी एकट्यानं घातली, वर पत्रा टाकला, चूल मांडली. माळावर दगडाला तोटा नव्हता. मिस्त्रीनं खांब भिंतीला शिवू न देता वेगळा, लांब गाडला, तार आत घेतली. आता परीक्षा घ्यायची होती. वारं सुटलेलं बघून मी बल्बाखाली परातीत पीठ मळून ठेवलं आणि बाहेर जाऊन तंबाखू मळली. परत येऊन गोळा उजेडात धरला, फोडला, बोटानं चाचपला. पीठ होतं, दुसरं काही नव्हतं. त्याच पिठाची भाकरी थापली, फडक्यात बांधून गावाकडं जाणाऱ्या गड्याबरोबर तिला पाठवली. निरोप काही दिला नाही. ढोलाचं कातडं तर ढोलाचं कातडं, पण कचकच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालून बैलगाडी येताना दिसली. गाडीच्या पुढं ती चालत होती, कारण गाडीत जागा नव्हती. मागच्या दोन्ही खेपांना ती एक गाठोडं घेऊन आली होती. एक गाठोडं घेऊन आलेली बाई ते उचलून कधीही जाते. ह्या खेपेला गाडीत उतरंडीची मडकी होती, डालग्यात दोन कोंबड्या होत्या आणि मधोमध, कडब्यावर बसवलेलं, तिचं माहेरचं जातं होतं. दोन्ही तळ्या, खुंटा, सगळं.

मी जात्याकडं बघत राहिलो. तिनं पंख्याकडं एकदा बघितलं, भिंतीला हात लावून बघितला आणि माझ्याकडं वळली.

"काय बघायलाव उभारून? उतरवा की. मला जागा दाखवायचीय कुठं रोवायचं ते."