मी भाभीला सुधारायला निघाले!

आता माझ्या शहाणपणाचं काय सांगू तुम्हाला! चहा घ्या हातात आणि हसायचं तर मोकळेपणानं हसा. आमचं अर्धं दारव्हा आधीच हसून बसलंय.

मागच्या वर्षी माझी समीक्षा दहावीला होती. परीक्षा जवळ येऊ लागली तशी पोरगी वाळत चालली. ताट पुढे केलं की म्हणायची, "मले नको, पोटात गोळा येते." चाचणीच्या दिवशी तर घरून निघायच्या आधीच उलटी! माझा जीव टांगणीला. मी स्वतः दहावीच्या पुढे शिकले नाही, हिनं तरी शिकावं एवढंच माझं मागणं.

मग मी काय काय नाही केलं? तासातासाला दूध. भिजवलेले बदाम. देवाजवळ दिवा. आणि तिला एकटं वाटू नये म्हणून ती अभ्यासाला बसली की मीही समोरच बसायचे, आमच्या शेतातून आलेल्या तुरीच्या शेंगा सोलत. हात शेंगांवर, डोळे तिच्यावर!

अशात शाळेत पालकसभा झाली. सरांनी वर्गात एक पेटी ठेवली होती. अभ्यासाचं ओझं कशानं वाटतं ते पोरांनी नाव न घालता लिहायचं. त्यातली एक चिठ्ठी त्यांनी वाचली.

"माझी आई खूप चांगली आहे. पण मी वाचत असले की ती समोर बसून शेंगा सोलते आणि माझ्याकडे बघत राहते. पान उलटलं नाही तर विचारते, समजलं नाही का? घरी कोणीही आलं की माझे मार्क सांगते. तिला हे सांगितलं तर ती रडेल, म्हणून सांगत नाही."

माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं. कोणाची असेल हो ही बिचारी?

माझ्या बाजूला शाहीन भाभी बसली होती. आमची घरं भिंतीला भिंत लागून. तिच्या घरवाल्याचं मोटरसायकलचं गॅरेज, आणि तिची सना समीक्षाच्याच वर्गात. पाहते तर काय! भाभीची मान खाली, ओढणी तोंडावर, खांदे गदागदा हलताहेत.

बस्स! मला सगळं कळलं. म्हणजे मला तसं वाटलं.

बाहेर आल्यावर मी तिचा हात धरला. "रडू नका भाभी. चूक माणसाकडूनच होते."

"माझी चूक?"

"मी कोणाले सांगणार नाही. पण पोरीच्या समोर बसत नका जाऊ."

भाभीनं तोंडावरची ओढणी सारखी केली. मग हळूच म्हणाली, "हौ ताई. पण मले एकटीनं नाही जमणार. तुम्ही सोबत करान काय?"

नाही कशी म्हणणार? शेजारधर्म आहे!

दुसऱ्या दिवसापासून पोरी अभ्यासाला बसल्या की भाभी दारात हजर. "चला ताई, नाहीतर मी सनाच्या समोर जाऊन बसीन!" मग आम्ही दोघी बाजाराच्या मैदानापर्यंत चालून यायचो. शेंगांची टोपलीही मी तिच्याच अंगणात नेऊन ठेवली. आल्यावर तिथंच सोलायच्या.

एकदा तिनं विचारलं, "ताई, पाहुणे आले अन् मी मार्क सांगायले लागली, तर काय करू?"

"पाहुण्यायले चहा विचारायचा, पोरीचं नावच काढायचं नाही."

"तुम्ही एकदा करून दाखवा ना. पाहून पाहून मले जमन."

आणि मी दाखवलं! दिग्रसहून मोठे दीर आले, तर मी मार्कांबद्दल ब्र काढला नाही. पलीकडून भाभी ऐकत होती ना, शिकायला!

तिकडे समीक्षा जेवायला लागली. झोपायला लागली. सराव परीक्षेच्या दिवशी चक्क दोन भाकरी खाऊन गेली! मला वाटलं, दूध-बदाम लागू पडले. आणि मी बाजारात, जावेकडे, जिथं जाईन तिथं सांगत सुटले, "एका बाईले सुधारून राह्यली मी. नाव नाही सांगत."

पुढच्या सभेत तर मी उभीच राहिले. "सर, त्या चिठ्ठीतली आई आता सुधारली. मी स्वतः सुधारलं तिले!"

सर फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, त्यांना भरून आलं.

घरी येऊन मोठ्या अभिमानानं समीक्षाला हे सांगितलं, भाभीच्या नावासकट. तिनं पुस्तक खाली ठेवलं.

"आई, भाभीकडे शेत आहे काय?"

"नाही."

"मग तुरीच्या शेंगा कुठून येतात त्यांच्या घरी?"

"आपल्याच..."

"ते मी लिवलं होतं आई. तू रडशीन म्हणून सांगितलं नाही." बोलता बोलता तीच रडायला लागली. "पण आता पोटात गोळा नाही येत."

मी तिला जवळ घेतलं. आणि मग तशीच उठून भाभीकडे गेले. ती पोळ्या करत होती.

"भाभी, सभेत तुम्ही रडत होत्या ना?"

"रडत कुठं? हसू दाबून राह्यली होती मी!"

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही महिनाभर पोरीजवळ रडत बसल्या असत्या. अन् ते बी समोरच बसून!"

माझ्या पोरीसाठी या बाईनं माझी चूक आपल्या अंगावर घेतली, रोज माझ्यासोबत पायपीट केली, वरून माझे उपदेश ऐकले. सख्ख्या बहिणीनंही केलं नसतं हो! मी तिच्या पिठाच्या हातांवर हात ठेवले.

मग मला एकदम धास्ती वाटली. "भाभी, ती चिठ्ठी माझ्याबद्दल होती, हे अजून कोणाले समजलं तर नाही ना?"

भाभीनं तव्यावरची पोळी उलटली.

"ताई, चिठ्ठी वाचून झाली तवा सारी सभा तुमच्याकडे पाहून राह्यली होती. सर बी. एक तुम्हीच तेवढ्या माझ्याकडे पाहत होत्या!"