पलीकडच्या किनाऱ्यावरचं फुलांचं दुकान

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनला आले. काही वर्षं घरात काढल्यावर जवळच्याच एका फुलांच्या कंपनीत कामाला लागले. काम फोनवरचं, ब्रिटनमधल्या दुकानदारांच्या ऑर्डरी घ्यायचं. त्यात इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एक बाई होत्या. नवरा-बायको मिळून छोटं दुकान चालवायचे. बाई ऑर्डर भराभर सांगून टाकायच्या आणि मग निवांत गप्पा मारायच्या. एकदा दोघं बोटीनं इकडे आले, तेव्हा आमच्याकडे पोहे खाऊन गेले. बाईंनी पुन्हा मागून घेतले. त्यांचा नवरा फारसा बोललाच नाही.

पुढे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं. आधी कागदपत्रं वाढली, मग तपासण्या आल्या. ट्रक बंदरात अडकायचे, आत फुलं माना टाकायची. एक दिवस बाई म्हणाल्या, "आमच्यासारख्या लहान दुकानाला हे झेपत नाही गं. पण येतील लोक ताळ्यावर. तेव्हा मीच फोन करीन."

त्यांचा फोन काही आला नाही.

अलीकडे दोन्ही बाजू पुन्हा जवळ यायचं म्हणू लागल्या. तपासण्या काढून टाकायची बोलणी सुरू झाली, तसे आमचे डच साहेब म्हणाले, "जुन्या गिऱ्हाइकांना फोन करायला लाग." मी सगळ्यात आधी बाईंचा नंबर लावला.

"आम्ही मागे कामात आहोत, निरोप ठेवा, येतेच मी." मशीनवर बाईंचा आवाज होता, जसाच्या तसा. मी बोलतच सुटले. "तुम्ही म्हणाला होतात ना, येतील ताळ्यावर? येतायत बघा." मुलगी केवढी झाली, मराठीत विचारलं तर डचमध्ये उत्तर देते, तेही सांगून टाकलं.

दोन दिवसांनी त्यांच्या नवऱ्याचा फोन आला.

"ती गेली," ते म्हणाले. "दुसरा हिवाळा हा. दुकानही बंद आहे. फोन तेवढा ठेवलाय, तिचा आवाज आहे त्यात."

ते पुढे बोलत राहिले. "तू तिच्याशी अशी बोलत होतीस, की मला वाटलं आता ती तुला उत्तर देईल. मी तसाच वाट बघत उभा राहिलो."

मग म्हणाले, "मी युनियनमधून बाहेर पडायच्या बाजूनं मत दिलं होतं. तिला ठाऊक होतं. दुकानातल्या बादल्या रिकाम्या पडल्या, तरी एका शब्दानं बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तुझ्याजवळ काही म्हणायची का?"

"लोकांवर चिडायच्या," मी म्हटलं. "तुमच्याबद्दल कधीच काही म्हणाल्या नाहीत." हे खरं होतं, पण त्यानं त्यांना बरं वाटलं की आणखी वाईट, ते मला कळलं नाही.

फोन ठेवताना त्यांनी विचारलं, "अधूनमधून त्या नंबरावर बोलशील? मी उचलणार नाही. पूर्वी बोलायचीस तशीच बोल."

मी हो म्हटलं. माझ्या नवऱ्याला हे पटलं नाही. "अगं, मेलेल्या माणसाशी काय बोलतेस?" पण काम हलकं असलं की मी फोन लावायची. आज कुठली फुलं आली, बाहेर वारा कसा सुटलाय, असंच काहीबाही सांगायची. बोलता बोलता थांबले की पलीकडे कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं. ते कोण, याचा विचार मी करत नसे.

यंदाच्या वसंतात एकदा फोन लावला, तर हा नंबर आता चालू नाही, असं कुणा परक्या बाईनं सांगितलं. मी पुन्हा लावला. पुन्हा तेच. त्यांनी स्वतः बंद केला की तेही गेले, हे विचारायला माझ्याकडे दुसरा नंबर नव्हता.

"त्या किनाऱ्यावरच्या गिऱ्हाइकाचं काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"दुकान बंद झालं."

"वाईट झालं. आता तर रस्ता सोपा होतोय."

मी मान हलवली आणि पुढच्या दुकानाचा नंबर लावला. तिकडून एक तरुण बाई "हॅलो, हॅलो" करत राहिली. मी तिचा आवाज नुसता ऐकत राहिले.