तिसऱ्या सिलेंडरचं माप

माझं कामच मोजायचं. सणसवाडीच्या एका कारखान्यात चौदा वर्षं मी तपासणीच्या टेबलापाशी उभी आहे. भोकात गेज घालायचा, काटा बघायचा, माप बसलं तर तुकडा पुढं, नाही तर लाल क्रेटमध्ये. घरी आल्यावर मात्र मी कशालाच माप लावत नसे. ती वेळ आबांनी आणली, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी.

तळेगाव ढमढेऱ्यात आबांनी जन्मभर एकाच ट्रॅक्टरवर लोकांची नांगरट केली, कारखान्याला ऊस ओढला. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता स्टिअरिंग धरू नका. झालं, माणूस घरात मावेनासा झाला. ओट्यावर बसायचे, लगेच उठायचे. चहा मागायचे आणि न पिताच बाहेर पडायचे. अशात वरवंडला जुन्या ट्रॅक्टरांची ओझं ओढायची स्पर्धा होणार, असं त्यांच्या कानावर आलं. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या पाळीवरून घरी येते तर बॉनेट अंगणात आणि इंजिनाचे भाग पोत्यावर मांडलेले.

"ह्या वयात काय खूळ," एवढं बोलून माझे मिस्टर ड्युटीला गेले. ते कंपनीची बस चालवतात, त्यांना भांडायलाही वेळ नसतो.

आबांना इंजिनाची ताकद वाढवायची होती. इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाची धार त्यांनी दौंडच्या मिस्त्रीकडून वाढवून आणली होती. आता लायनर, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो ती नळी, आतून घासून मोठी करायची आणि मोठे पिस्टन बसवायचे. सुट्टीच्या दिवशी तिन्ही सिलेंडरचे लायनर भाड्याच्या पिकअपमध्ये घालून आम्ही शिरूरला गेलो. लायनर घासून देणारा बोअरिंगवाला मला म्हणाला, "बाई, तुम्ही तिकडं सावलीत बसा." मी त्याच्या हातातला गेज मागितला. तो आबांकडं बघायला लागला. आबा म्हणाले, "द्या तिला. दिवसभर तेच करती ती."

दोन ठीक होते. तिसरा लायनर वर्षानुवर्षं एका अंगाला झिजलेला होता. मोठ्या पिस्टनचं पहिलं माप त्यात बसत होतं. त्याच्या पुढचं माप घेतलं असतं तर ती बाजू फारच पातळ झाली असती.

"ह्याच्यापुढं न्हाई आबा. भिंत फुटंल."

"व्हय, व्हय," आबा म्हणाले. इतक्या लवकर ते कधीच कुणाचं ऐकत नसत. तिथंच मला कळायला हवं होतं.

त्याच आठवड्यात मी कामावर असताना ते एकटेच शिरूरला जाऊन आले. संध्याकाळी पाणी तापवायला चूल पेटवताना रद्दीत पिस्टनचा रिकामा खोका सापडला. वर पुढचं माप छापलेलं होतं. मी खोका उलटून माप पुन्हा वाचलं. मग चुलीत घातला. का बोलले नाही, ते मला नीट सांगता येत नाही. कित्येक महिन्यांनी ते एका जागी बसून पोटभर जेवत होते, हे एक कारण असावं.

तेव्हापासून माझंच चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. टेबलावर एकच तुकडा दोनदा मोजायची. तिसऱ्यांदा मोजायला लागले तेव्हा सुपरवायझरने विचारलं, बरं नाही का. घरी आबा इंजिन चालू करायचे, नळकांड्यातून काळा धूर सरळ वर जायचा आणि मी भाकरी थापता थापता कान देऊन ऐकत राहायची.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी आबा म्हणाले, "उद्या तूच बसायचं."

पूर्वी कांद्याच्या रानात त्यांनीच मला ट्रॅक्टर शिकवला होता. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "बरं" म्हणाले.

वरवंडला नांगरून भिजवलेल्या रानाचा लांब पट्टा केला होता. वाळूच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली मागं जोडायची आणि जमेल तितकी लांब ओढायची. जो जिथं थांबेल तिथं फक्कीची रेघ मारायची. बाई बसली म्हणून माणसं मोबाईल काढून पुढं सरकली. आबा मडगार्डला धरून जवळ आले.

"एक सांगायचं राह्यलं. ते लायनर मी आनखी घासून आनलेत."

"मला ठाव हाय."

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि बाजूला झाले.

मी रेस ओढली, क्लच सोडला. पुढची चाकं हलकी झाली, उचलली, पुन्हा टेकली. ट्रॅक्टर अंगाखाली थरथरत चिखल कापत निघाला. इतकी ओढ मी कधी अनुभवली नव्हती. खोटं कशाला बोलू, मला ती आवडली. एकेक रेघ मागं पडत होती. सगळ्यात लांबची रेघ आठ-दहा फुटांवर राहिली आणि पुढून आवाज आला. ठक्. ठक् ठक्. मी इंजिन बंद करायची कडी ओढली.

आमचा तिसरा नंबर आला. घरी आल्यावर आबांनी चार दिवस ट्रॅक्टरला हात लावला नाही.

पाचव्या दिवशी त्यांनी इंजिन उघडलं. मी न सांगता शेजारी जाऊन बसले. तिसरा लायनर रॉकेलनं पुसून उन्हात धरला, नख फिरवून बघितलं. चीर नाही, ओरखडासुद्धा नाही. मग आबांनी पुढची चाकं उचलू नयेत म्हणून ट्रॅक्टरच्या नाकाशी लावलेलं लोखंडी वजन हलवून दाखवलं. त्याचा एक बोल्ट सैल झाला होता आणि ते एक्सलच्या पट्टीवर आपटत होतं. ठक् ठक्.

"एवढंच व्हतं," आबा म्हणाले.

"मला वाटलं, लायनर गेला."

"वाटनारच. तुला ठाव व्हतंच, वर मी बसायच्या येळंलाच ते काढलं." ते बोल्ट हातात फिरवत राहिले. "पर तू थांबवलंस ते बरं केलंस, असं काय मी म्हननार न्हाई."

"नका म्हणू."

आम्ही दोघंही हसलो, पण थोडंसंच. मी चहा टाकायला उठले आणि दारातून परत फिरले. "आबा," मी म्हणाले, "जोडा परत. एकदा रानात पुरी रेस देऊन बघायचाय मला."

त्यांनी वर न बघता पान्याकडं हात केला. मी पाना दिला आणि तिथंच बसले. चहा राहून गेला.