मला नसलेला आजार

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, देवासमोर नाही, आणि जिला सांगायला पाहिजे होतं तिला तर नाहीच. ती गेली. आता तुम्हाला सांगतो. चौथीपर्यंत शिकलोय, कुठं चुकलं तर समजून घ्या — लिहिण्यातलं म्हणतोय. बाकीचं समजून घेऊ नका.

आदल्या दिवशी संध्याकाळी तिनं माझ्या पायाची नखं काढली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. मी पलंगावर, ती खाली पाटावर, माझी टाच तिच्या मांडीवर. माझी नखं तीच काढायची. का? तर मी वाकलो की माझ्या छातीवर दाब येतो म्हणून. येत नाही. कधीच आला नाही — पण थांबा, तिकडंच येतोय.

मधेच तिनं नेलकटर खाली ठेवलं आणि डावा हात झटकला. म्हणाली, सकाळपासून हात भरून येतोय, उद्या दोघंही दवाखान्यात जाऊ, तुमचंही बघून होईल. तुमचंही बघून होईल — मी एवढंच ऐकलं.

"पित्त असेल," मी म्हटलं. "विषय संपला."

तिनं राहिलेल्या पायाची नखं काढली, कागदात गोळा केली आणि उठली.

हे "विषय संपला" माझं लग्नापासूनचं. सातपूरला नटबोल्टच्या कारखान्यात होतो. तिथं दिवसभर दुसऱ्याचं ऐकायचं, घरी आलो की माझं ऐकायचं. भाजी कोणती, माहेरी कधी जायचं, साडी कुठल्या रंगाची — सगळं मी ठरवायचो. मारलं कधी नाही. त्याचा मला अभिमान होता. कसला अभिमान, सांगा बरं?

तिचं नावसुद्धा मीच ठेवलेलं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं, मंदा. माहेरची ती गिरिजा. माझ्या एका चुलतीचं नाव गिरिजा होतं आणि त्या चुलतीशी आमचं पटत नव्हतं, एवढंच कारण. नंतर मंदा म्हणून तरी कुठं हाक मारली? "अगं ए" वर संसार झाला.

काही वर्षांपूर्वी कॉलनीतल्या बायकांनी नाटक बसवलं. समोरच्या बिल्डिंगमध्ये पवार मॅडम राहतात, शाळेत शिकवतात, त्यांनी लिहिलेलं. मंदाला म्हातारीचं काम दिलं. मी हो म्हटलं. मला वाटलं, म्हातारी म्हणजे काय, कोपऱ्यात बसून खोकणार.

नाटक होतं पुढं कधीतरी येणाऱ्या एका शहराचं. तिथं सगळ्यांचे कपडे राखाडी. कुणाला नाव नाही, नंबर. सगळ्या शहराचा स्वयंपाक एकाच ठिकाणी, आणि तोही पांढरा लापशीसारखा, तिखटमीठ नसलेला — तिखट खाल्लं की माणसाला राग येतो, राग आला की माणूस प्रश्न विचारतो, म्हणून बंदी. भिंतीवर भोंगा. तो सांगेल तेव्हा उठायचं, तो सांगेल तेव्हा झोपायचं. या म्हातारीनं अंबाड्यात एक सुकी मिरची लपवलेली असते. शेवटी ती मिरची तव्यावर टाकते. मिरचीच्या धुराचा खाट उठतो, अख्खं शहर खोकायला लागतं — आणि खोकला मात्र ज्याचा त्याचा वेगळा. त्यावरून लोक एकमेकांना ओळखतात. असं ते.

घरात भाकरी करताना ती पाठ करायची. तव्यासमोर एकटीच निरनिराळं खोकून बघायची आणि हसायची. मी आत गेलो की गप्प.

एकदा मी तालमीला गेलो. भोंग्याचं काम करणाऱ्या बाईनं तोंडासमोर प्लास्टिकची बादली धरली होती. त्यातून ती घुमल्यासारखी बोलली, "ठरलंय तेच होईल. विषय संपला." सगळ्या बायका हसल्या. मग त्यांना मी दारात दिसलो. हसू बंद. एकटी तळमजल्यावरची शिंदेबाई म्हणाली, "आबा, तुमचं मानधन द्यायचं राहिलंय बरं का." पुन्हा हसल्या. ते वाक्य मॅडमला कुणी दिलं असेल? घरातलं वाक्य — घरातूनच गेलं ना?

मंदा हसली नाही. खालीही बघितलं नाही. माझ्याकडं बघत राहिली. मग भोंग्यानं तिला नंबर विचारला. तिथं काय बोलायचं ते मॅडमनी जिच्या तिच्यावर सोडलं होतं. ती म्हणाली, "नंबर नाही. माझं नाव गिरिजा."

इतक्या वर्षांत ते नाव मी ऐकलं नव्हतं. तिच्या तोंडून तर नाहीच. आवाजही तिचा नव्हता — म्हणजे तिचाच होता, मी ऐकलेला नव्हता.

बाहेर येऊन मी मॅडमना विचारलं, ती मिरची म्हणजे काय? त्या म्हणाल्या, "आबा, ज्याची त्याची चव असते ना, ती." मला तेव्हा कळलं नाही, असं म्हणणं सोपं आहे. कळलं होतं. म्हणून तर झोप उडाली.

तिला नाटक करू नको म्हणता आलं असतं. पण मग बायका म्हणाल्या असत्या, बघा, खरंच हा भोंगा. ती भीती. आणि ती कॉलनीसमोर ते नाव घेणार, ही दुसरी. मग मी काय केलं?

कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर एकाला अ‍ॅटॅक आला होता. कसा घाम येतो, डावा हात कसा धरतो, कसा खाली बसतो — सगळं डोळ्यांनी बघितलेलं. नाटकाच्या दिवशी ती राखाडी साडी नेसून आरशासमोर अंबाड्यात मिरची खोचत होती. मी गॅलरीच्या दारात खाली बसलो. छातीवर हात ठेवला. डावा हात धरला. घाम तेवढा येत नव्हता — तोही भीतीनं आला.

ती तशीच रिक्षात बसली. दवाखान्यात छातीला वायरी लावून पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, पट्टी चांगली आहे, गॅस असेल, गोळ्या देतो. ती बाहेर बाकावर होती, अंबाड्यात मिरची तशीच. मी बाहेर आलो आणि म्हणालो, "हृदय कमजोर आहे म्हणतात."

झालं. तिचं काम मॅडमनी कागदावरून वाचून भागवलं. तिचं ते नाटक पुन्हा कधी झालं नाही.

गॅसच्या गोळ्या मी हृदयाच्या म्हणून घेत राहिलो. घरातलं तिखट गेलं, मीठ गेलं — माझ्यामुळं तिचंही. एका घरात दोन भाज्या कशाला, म्हणायची. शोभा, आमची मुलगी, वणीला दिलीय. तिच्याकडंसुद्धा मंदा मुक्कामाला जायची नाही. मॅडम नव्या नाटकाचं विचारायला आल्या की म्हणायची, यांना एकटं टाकून कशी येऊ? मग मॅडम यायच्या थांबल्या. आणि मला — लाज वाटते लिहायला, पण लिहितो — मला बरं वाटायचं. सगळं घर माझ्या छातीभोवती फिरत होतं.

दवाखान्याला मात्र मी घाबरायचो. दुसऱ्या डॉक्टरनं तपासलं तर सगळं बाहेर येईल. म्हणून त्या संध्याकाळी पित्त म्हणालो. डावा हात भरून येणं म्हणजे काय असतं, हे त्या घरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी त्याचं सोंग आणलेलं. माझ्या डोळ्यासमोर खरं आलं होतं आणि मी ते ओळखलं होतं. ओळखलं होतं.

सकाळी ती चहाला उठली आणि ओट्याजवळ खाली बसली. पाण्याचा नळ चालू. मी हाका मारल्या — अगं ए, अगं ए. गल्लीतले डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. हार्ट, म्हणाले. आधी काही त्रास होता का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, नाही. शिंदेबाई रडत मागून म्हणाली, "त्रास तर आबांना होता हो."

शोभा आली. लोक जमले. तिसऱ्या मजल्यावरून न्यायचं होतं, जिना अरुंद. पुढचा खांदा माझा. मी पुढं झालो तर शोभानं मला धरलं. म्हणाली, "आबा, तुम्ही नका. आता तुम्हीच राहिलात."

तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं — मला काही झालेलं नाही. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.

मी मागं सरलो. शिंद्यांच्या मुलानं माझ्या जागी खांदा दिला. ते तिला घेऊन उतरले आणि मी त्यांच्यामागं, कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत, दम खात उतरलो.